आधी जागा, मग भिंत

तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराच्या विकास आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. आराखडा १,८६५ कोटी रुपयांचा आहे. एवढा पैसा तालुक्याच्या गावात येऊ घातला की रस्ते, वाहनतळ, भक्तनिवास आणि दर्शनरांगा यांची चर्चा आधी होते, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र बालाघाटाच्या उतारावर वसलेल्या या गावात आणखी एक प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा. डोंगरावरून, गच्च्यांवरून आणि रस्त्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी ज्या ओढ्यानाल्यांतून बाहेर पडते, त्यांचे काय करायचे? दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती बांधून त्यांना सरळ करायचे, की काठ उतरते आणि मोकळे ठेवून त्यांना ओढ्यासारखे राहू द्यायचे?

हा प्रश्न एकट्या तुळजापूरचा नाही. धाराशिवमधून वाहणारी भोगावती, छत्रपती संभाजीनगरची खाम, पुण्याचा आंबिल ओढा, मुंबईची मिठी या सगळ्यांच्या काठावर तो पडलेला आहे. काही ठिकाणी एकाच प्रवाहाचा एक तुकडा भिंतींत कोंडलेला आणि पुढचा तुकडा पुन्हा मोकळा केलेला दिसतो. दोन्ही बाजूंना जाणती माणसे आहेत, आणि त्यांचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय या वादात पडणे बरोबर नाही.

भिंतीच्या बाजूचा पहिला मुद्दा साध्या जलगणिताचा आहे. आकार आणि उतार तेवढाच असेल, तर गवताच्या आणि दगडगोट्यांच्या पात्रापेक्षा गुळगुळीत काँक्रीटचे पात्र साधारण दुपटीहून अधिक पाणी वाहून नेते. दुसरा मुद्दा जागेचा. तीन मीटर खोल ओढ्याला उभी भिंत घातली तर काठाची जवळजवळ सगळी जमीन वाचते. तोच काठ एकास दोन अशा उताराने सोडायचा, तर प्रत्येक बाजूला सहा मीटर, म्हणजे एकूण बारा मीटर जादा रुंदी लागते. जुन्या गावठाणात, जिथे घराची मागची भिंत हीच ओढ्याची थडी झालेली असते, तिथे बारा मीटर आणायचे कुठून? ज्या कुटुंबाच्या उंबऱ्यात दर पावसाळ्यात पाणी चढते, त्याला भिंत हवी असते. त्या मागणीला अज्ञान म्हणणे हा अन्याय आहे.

तीर्थक्षेत्राच्या गावात या बाजूचा दावा आणखी बळकट होतो. शारदीय नवरात्र आणि अश्विनी पौर्णिमा परतीच्या पावसाच्या तोंडावर येतात. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या भूम-परंडा भागात अतिवृष्टीने शेती, घरे आणि जनावरे यांची दैना उडवली. लाखो भाविक पायी येत असताना एखाद्या मोरीवरून पाणी जाऊ लागले तर काय होईल, याची जबाबदारी ज्याच्या शिरावर असते तो अधिकारी पाणी लवकरात लवकर गावाबाहेर जावे, असेच म्हणणार. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही बहुधा तेच म्हटले असते.

तथापि, पाणी गावाबाहेर काढले म्हणून ते नाहीसे होत नाही. ते लवकर आणि एकदम खालच्या वस्तीवर पोहोचते. वरच्या टप्प्यात जितकी भिंत चांगली, तितका खालच्या टप्प्यातला लोंढा मोठा. त्यात भिंत एक भरवसाही देते, आणि तो भरवसा पुढे महाग पडतो. भिंत झाली की तिच्याआडची जमीन सुरक्षित मानली जाते, तिथे बांधकामे उठतात, आणि पुढचा पूर आधीपेक्षा अधिक घरांत शिरतो. शिवाय पाणी केवळ समोरून येत नाही. भिंतीमागची माती पावसाने भिजून फुगते. ते पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीत ठरावीक अंतराने पाइपाचे तुकडे बसवलेले असतात. जवळ जाऊन पाहिले तर त्यांतले काही प्लास्टरखाली गेलेले, काही चिंध्यांनी आणि गाळाने बुजलेले आढळतात. एवढ्याशा भोकांची देखभाल झाली नाही, तर मागच्या दाबाने भिंतच पुढे येते.

पुण्याच्या आंबिल ओढ्याने हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दाखवून दिले. कात्रजच्या डोंगरात उगम पावून दक्षिण पुण्यातून मुठेला मिळणाऱ्या या ओढ्याला त्या रात्री जो पूर आला, त्यात आणि आसपासच्या परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. अरण्येश्वर भागातल्या टांगेवाले कॉलनीत तर भिंतच कोसळून जीव गेले. ओढ्याची रुंदी जागोजागी आवळलेली होती, पूल आणि मोऱ्या ठेंगण्या होत्या, आणि सोसायट्यांच्या भिंती पात्राला भिडलेल्या होत्या. तो पूर पाहिलेल्यांपैकी काहींनी आणखी उंच आणि भक्कम भिंती मागितल्या. काहींनी मात्र पात्राची रुंदी परत मागितली. दोन्ही मागण्या एकाच दुःखातून आलेल्या होत्या.

याच ओढ्याचा इतिहास मोकळ्या काठांच्या पुरस्कर्त्यांनाही सावध करतो. आजचा आंबिल ओढा सगळा निसर्गाने आखलेल्या वाटेने वाहत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव आणि तिथून शहरात पाणी आणणारा नळ बांधला गेला, पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, आणि पेठांतून वाहणाऱ्या ओढ्याचा प्रवाह वळवला गेला. सारसबागेतल्या गणपतीला आजही तळ्यातला गणपती म्हणतात. शहरातल्या प्रवाहांत माणसाचा हात फार जुना आहे, आणि त्यांना पूर्वस्थितीत न्यायचे म्हटले तर कोणत्या शतकातल्या, याचे एकच उत्तर नसते.

दुसरीकडे, प्रवाहाला काही प्रमाणात मोकळीक देता येते, याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. जटवाड्याच्या डोंगरांतून येणारी खाम नदी हर्सूल तलावातून निघून पाणचक्की, मेहमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा यांच्या जवळून छावणीकडे जाते. ज्या नदीच्या काठाने मध्ययुगीन शहर वाढले, तिला पुढच्या पिढ्या नाला म्हणू लागल्या. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, खासगी उद्योगाचा सामाजिक निधी आणि पर्यावरणाचे काम करणारी मंडळी यांनी मिळून तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. लोखंडी पुलाजवळच्या टप्प्यात कचऱ्याचे आणि राडारोड्याचे ढीग हलवले, काठ उतरते केले, दगडांचे पिचिंग केले, देशी झाडे लावली, चालायला वाट केली. या पिचिंगचा फायदा साधा आहे. काळ्या दगडाला दगड लावून रचलेला उतार, सांध्यांत सिमेंट नाही, म्हणून पाऊस त्या फटींतून मातीत जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गवताची मुळेच सांधे धरतात. काठावर माणसे येऊ लागली की तिथे कचऱ्याची गाडी रिती करणे अवघड होते. दहा फुटी भिंतीआड मात्र काय टाकले जाते, हे कुणालाच दिसत नाही.

मात्र खामचे उदाहरण तुळजापूरला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. छावणीच्या परिसरात मोकळी जमीन होती. गावठाणातल्या ओढ्याकाठी ती नसते. मोठ्या शहराकडे अभियंते आणि उद्योगांचा निधी असतो, तर छोट्या नगरपरिषदेकडे ही दोन्ही साधने तुटपुंजी. सगळ्यांत महत्त्वाचा फरक खर्चाच्या स्वभावाचा आहे. भिंतीला एकदाच मोठी रक्कम लागते आणि ती अनुदानातून मिळते. मोकळ्या काठाला सुरुवातीला कमी पैसा लागतो, पण दरवर्षी गाळ काढणे, घाणेरी आणि वेड्या बाभळी उपटणे, ढासळलेला दगड परत बसवणे, डासांचा बंदोबस्त करणे हे सगळे नगरपरिषदेला स्वतःच्या उत्पन्नातून करावे लागते. उद्घाटनानंतर तिसऱ्या वर्षी उकिरडा झालेली उद्याने आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्या कामाची देखभाल आपल्याच्याने होणार नाही ते हाती घेऊ नये, असे एखादा मुख्याधिकारी म्हणाला तर त्यात तथ्य आहे.

पाण्याच्या अभावाचा मुद्दाही टाळता येत नाही. ओढ्याच्या पुनरुज्जीवनाची चित्रे काढली जातात तेव्हा त्यांत बारमाही झुळझुळणारे पाणी असते. सोल शहरातला चोंगेचोन हा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा ओढा २००५ मध्ये उड्डाणपूल पाडून मोकळा करण्यात आला आणि जगभर त्याचे कौतुक झाले, पण त्यातले बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणावे लागते. टँकरवर उन्हाळे काढलेल्या आपल्या जिल्ह्यात ओढा शोभेसाठी वाहता ठेवणे परवडणार नाही, आणि ते योग्यही ठरणार नाही. आपला ओढा वर्षातले आठ महिने कोरडाच असणार. तेव्हा त्यात जे वाहते ते सांडपाणी असते, आणि सणाच्या दिवसांत त्यात नारळाच्या शेंड्या, हार, कुंकवाच्या रिकाम्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या येऊन अडकतात. सांडपाण्याची सोय न लावता काठावर झाडे लावली, तर गटाराला बाग जोडल्यासारखे होईल. तसेच त्या गटाराला भिंती घातल्याने ते गटार राहायचे थांबणार नाही. मैल्याच्या प्रश्नाला या वादातली कोणतीच बाजू उत्तर देत नाही, आणि म्हणून तो वादाच्याही आधी सुटायला हवा.

तीर्थाच्या गावांना नाशिकचा अनुभव विशेष तपासून पाहावा लागेल. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरात गोदावरीच्या पात्रात काँक्रीट ओतले गेले. त्यामागचा विचार उथळ नव्हता. स्नानाला येणाऱ्या लाखोंच्या पायांखाली सपाट आणि टणक जागा असावी, असे प्रशासनाला वाटले. गर्दीची धास्ती किती खरी होती, हे त्याच सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवरच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले तेव्हा दिसले. दुसऱ्या बाजूला, पात्रातली जुनी कुंडे आणि जमिनीतून येणारे झरे त्या थराखाली गेले, अशी तक्रार गोदाप्रेमी नागरिकांनी वर्षानुवर्षे केली, ती उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २०२० च्या सुमारास काही कुंडांमधले काँक्रीट काढण्याचे काम सुरू झाले. एकदा सरकारी पैशाने ओतलेले पुन्हा सरकारी पैशाने फोडावे लागले. तुळजापूरचे कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ आणि पापनाश तीर्थ यांची महती पाण्यावरच उभी आहे. त्यांच्या भोवतीची जमीन झाकण्याआधी हा अनुभव समोर ठेवायला हवा.

जमीन झाकण्याचा हिशेब सोपा आहे. एक एकरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. जमीन मोकळी आणि झाडझाडोऱ्याची असेल तर त्यातला मोठा भाग मुरतो किंवा थबकतो. तिथे डांबरी वाहनतळ झाला तर जवळजवळ सगळेच वाहून जाते, म्हणजे दहा हजार लिटरचे अठरा-वीस टँकर एका तासात, एका एकरातून. नवीन वाहनतळ आणि रस्ते भाविकांसाठी आवश्यक आहेत, हे मान्य. मात्र त्यांचे पाणी ज्या ओढ्यात जाणार, त्याचा विचार त्याच नकाशावर व्हायला हवा. तो झाला नाही तर ओढ्याला भिंत बांधावी लागणे हा केवळ काळाचा प्रश्न ठरतो.

गावाबाहेरच्या शिवारात हाच वाद वेगळ्या रूपात आपण अनुभवला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. अनेक गावांत विहिरींना पाणी आले, गाळ शेतात गेला, आणि शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून पोकलेन लावले. दुसरीकडे, तापीच्या खोऱ्यात शिरपूरला नाले खोल करून जे साधले ते मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात तसेच साधेल असे नाही, असा इशारा भूजलाच्या अभ्यासकांनी दिला. पाणी धरून ठेवणारा मुरमाचा थर खोदून काढला तर खालचा अखंड खडक पाणी मुरू देत नाही, आणि आसपासच्या विहिरींतले पाणी उलट नाल्यात झिरपू शकते. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी ठरली. जिथे खडक पाहून काम झाले तिथे लाभ झाला, जिथे यंत्राचे तास मोजून झाले तिथे खड्डे उरले. गावातल्या ओढ्यालाही हाच नियम लागू पडतो.

बांधकामालाच विरोध करणाऱ्यांनी तालुक्यातलाच नळदुर्ग एकदा या दृष्टीने पाहावा. तुळजापूर तालुक्यातल्या डोंगरांतून येणाऱ्या बोरी नदीवर, मुख्य किल्ला आणि रणमंडळ हा उपकिल्ला यांच्यामध्ये, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास धरण बांधले गेले. त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी अडवणारे हे काम निसर्गाला हात न लावण्याच्या विचारातून नक्कीच आलेले नाही, तरी ते चारशे वर्षे टिकले. जाणारे-येणारे नर आणि मादी हे धबधबे पाहायला थांबतात. स्थापत्याच्या दृष्टीने ते सांडवे आहेत. पाणी अडवणाऱ्याने जादा पाणी कुठून जाईल हे आधी ठरवले आणि त्याला रुंद वाट ठेवली. आजच्या ओढ्यांवरच्या कामांत नेमका हाच विचार राहून जातो. भिंतीची उंची ठरते, पण पाणी तिच्याहून वर आले तर कुठे जाईल, हे नकाशावर नसते.

या सगळ्याचा विचार करता आमचा कल मोकळ्या जागेकडे आहे, पण तो कामांच्या क्रमाबद्दलचा कल आहे. भिंत वर्ज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. ती शेवटी यावी, एवढेच म्हणतो. पहिले काम सांडपाणी ओढ्यापासून वेगळे करून प्रक्रिया केंद्राकडे नेण्याचे, आणि तेही यात्रेच्या दिवसांतला भार धरून. दुसरे काम ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे अजून बांधकामे नाहीत तिथे, पाणी पसरायला जागा राखण्याचे. मोठ्या नद्यांना पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल पूररेषा आखतात. गावातले लहान ओढे बहुधा या रेषांपासून सुटतात. तुळजापूरने आपल्या ओढ्यांसाठी त्या स्वतःहून आखून घ्याव्यात आणि नवे वाहनतळ त्यांच्याबाहेर ठेवावेत. तिसरे काम ठेंगण्या मोऱ्या आणि नळकांडी पूल मोठे करण्याचे, कारण पाणी बहुतेक वेळा तिथेच तुंबते. एवढे करून जिथे घर आणि ओढा यांच्यात जागाच उरत नाही, तिथे भिंत जरूर बांधावी, पण तिने खालच्या वस्तीवर किती पाणी वाढेल याचे गणित निविदेतच मांडलेले असावे.

या भूमिकेचीही किंमत आहे, आणि ती कुणाला मोजावी लागेल हे स्पष्ट सांगायला हवे. पूररेषेत ज्यांचे भूखंड येतील त्यांच्या जमिनीचा भाव पडेल. त्यांना मोबदला किंवा हस्तांतरणीय विकास हक्क द्यावा लागेल, आणि दोन्हीला वेळ लागतो. ओढ्याकाठी झोपडी असलेल्या कुटुंबाला तर मोबदल्याची भाषाही परकी असते. जून २०२१ मध्ये पुण्यात दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याकाठची घरे ऐन पावसाळ्यात पाडण्यात आली. आक्रोश झाला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर कारवाई थांबली. ते काम पूर टाळण्यासाठी आहे, असे सांगितले जात होते. ओढ्याला जागा देणे हे कितीही योग्य असले तरी ती जागा गावातल्या सगळ्यांत गरीब माणसाकडूनच घेतली जाणार असेल, तर ते न्याय्य म्हणता येणार नाही. आधी पक्के घर, तेही रोजगारापासून फार दूर नसलेले, आणि मगच हलवणे, हा क्रम इथेही पाळला पाहिजे. तोवर त्या वस्तीपुरती तात्पुरती भिंत बांधणे हेच माणुसकीला धरून होईल.

देखभालीच्या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय आमचे म्हणणे पूर्ण होत नाही. मोकळ्या काठाला दरवर्षी पैसा लागतो, हे खरे. पण भिंतीलाही तो लागतो. फरक एवढाच की भिंतीची हेळसांड पूर येईपर्यंत झाकलेली राहते. आराखड्यातल्या रकमेचा एक भाग ठेव म्हणून बाजूला काढून त्याच्या व्याजातून ओढ्यांची निगा राखता येईल का, हे राज्य सरकारने, मंदिर संस्थानने आणि नगरपरिषदेने मिळून तपासावे. ते शक्य नसेल, तर जेवढ्या टप्प्याची निगा राखता येईल तेवढाच टप्पा मोकळा करावा. अर्धा किलोमीटर नीट राखलेला काठ पाच किलोमीटरच्या फसलेल्या उद्यानापेक्षा गावाला अधिक शिकवेल.

यावर मतभेद राहतील, आणि ते राहायलाही हवेत. प्रत्यक्ष मोजणीतून असे दिसले की गावाच्या वर पाणी पसरायला पुरेशी जागाच नाही किंवा खालच्या बाजूला वस्तीच नाही, तर भिंतीचा दावा बळावेल आणि आम्हालाही मत बदलावे लागेल. पण ती मोजणी आज व्हायला हवी, कारण आराखड्याच्या निविदा निघाल्यावर आणि डांबर पडल्यावर पर्याय झपाट्याने कमी होतात. म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. प्रत्येक ओढ्याचा नकाशा, त्याच्या पूररेषा, त्यात मिसळणारी गटारे, काठावरची घरे आणि जादा पाण्याची वाट, हे सारे मराठीत, नगरपरिषदेच्या फलकावर, पहिल्या भिंतीच्या निविदेआधी लोकांसमोर ठेवावे. त्यानंतर गाव जो निर्णय घेईल तो भिंतीचा असला तरी विचारपूर्वक घेतलेला असेल, आणि त्याची जबाबदारी सगळ्यांना मिळून उचलता येईल.